बोअरची मोटर, रबराचा साचा आणि 'सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही' हे अर्धं खरं

बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर कोरडी फिरायला लागते. सबमर्सिबल मोटर थंड राहते ती भोवतीच्या पाण्यामुळे, पाणी गेलं की ती तापत जाते आणि वायंडिंग जळतं, मग चेनपुली लावून मोटर वर काढा, रिवाइंडिंगला टाका, तोवर पिकाला पाणी नाही, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मी काय सांगणार. यावर बाजारात ड्राय रनचे बॉक्स मिळतात. करंट ठराविक अँपिअरच्या खाली उतरला की मोटर बंद, इतकं साधं असतं ते. पण गावाकडचं व्होल्टेज एका जागी टिकत नाही, रात्री एक आणि दुपारी भलतंच, त्यामुळे हे बॉक्स कधी पाणी असताना मोटर पाडतात आणि कधी पाणी गेलं तरी गप्प बसतात.

माझ्या ओळखीत तासगाव साइडचा एक मुलगा आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, त्याने यावर काम केलं. त्याचा बॉक्स एकाच आकड्याकडे बघत नाही. करंट कसा कसा हलतोय, त्याच वेळी व्होल्टेज काय करतंय, मोटर सुरू झाल्यापासून किती वेळ झाला हे सगळं घेऊन तो हिशेब करतो आणि ठरवतो की पाणी खरंच गेलंय का लाईन खराब आहे. आता मजा अशी की आतलं सामान सगळं बाजारातलंच आहे. करंट मोजायचा सीटी, स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर, मोटर चालू-बंद करणारा रिले, सिमकार्डवाला मॉड्यूल, यात त्याचं स्वतःचं काहीच नाही, नवीन आहे तो फक्त आतला प्रोग्राम. त्याने मला फोन करून विचारलं, दादा, याचं पेटंट होईल का? कॉलेजातले सर म्हणतात भारतात सॉफ्टवेअरला पेटंट नाहीच, आणि एक एजंट भेटला तो म्हणतो सगळं होतं, तुम्ही फक्त पैसे भरा.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे माणसाचं नुकसान होतं. पहिलं उत्तर ऐकून तो अर्जच करत नाही, दुसरं ऐकून कसातरी अर्ज करतो आणि तीन-चार वर्षांनी नकार हातात पडतो, तोपर्यंत त्याची कल्पना अर्जातून जगासमोर आलेली असते. म्हणून हे जरा नीट समजावून लिहितोय. मी वकील नाही, इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणारा माणूस आहे, पण या वाटेने स्वतः गेलोय आणि एकदा ठेचही लागलीय, ते पुढे सांगतो.

आधी एक गोंधळ काढून टाकू. कोड लिहिला की त्याला कॉपीराइट आपोआप मिळतो, कुठे अर्ज करावा लागत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीच मानलंय. पण कॉपीराइट राखतो ते तुमच्या ओळी, तुमची युक्ती नाही. समोरच्याने तुमचा बॉक्स बघितला, तो काय करतो ते समजून घेतलं आणि स्वतःच्या हाताने दुसऱ्या भाषेत तेच करणारा प्रोग्राम लिहिला तर कॉपीराइट त्याला अडवत नाही. पेटंट अडवतं. पेटंट युक्तीवर असतं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि त्या बदल्यात तुम्ही ती युक्ती सगळ्या जगाला उलगडून सांगायची असते, इतकी नीट की त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती वाचून करता आली पाहिजे. हा सौदा आहे सरकारशी. आणि सौदा म्हटला की कशावर करायचा आणि कशावर नाही हे सरकार ठरवणारच ना.

ते ठरवलंय पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये. १९७० चा कायदा आहे, त्यात कलम ३ म्हणजे 'हे शोध मानले जाणार नाहीत' अशी यादी, आणि त्यातलं 'के' उपकलम आपल्या कामाचं, लोक त्याला थ्री के म्हणतात. त्यात चार गोष्टी वगळल्यात: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, कॉम्प्युटर प्रोग्राम 'पर से', आणि अल्गोरिदम. हे २००२ च्या दुरुस्तीने आलं आणि मे २००३ पासून लागू झालं. सगळा घोळ त्या 'पर से' या दोन शब्दांत आहे. लॅटिन आहेत, अर्थ एवढाच की 'नुसता तेवढाच', 'त्याचा तो एकटा'. म्हणजे प्रोग्राम नुसता प्रोग्राम म्हणून आणला तर पेटंट नाही, पण प्रोग्रामसोबत दुसरं काही असेल तर तो भाग बघता येईल. संसदेच्या संयुक्त समितीने हे शब्द घालताना कारणही तेच दिलं होतं, की प्रोग्रामला जोडून किंवा त्याच्यावर उभारलेल्या इतर गोष्टी असू शकतात, त्या सरसकट नाकारायच्या नाहीत.

आता बघा, सरांचं म्हणणं कुठून आलं ते कळतं. कलम वाचलं की 'कॉम्प्युटर प्रोग्राम' दिसतो आणि माणूस तिथेच थांबतो.

यानंतर सरकारचीही बरीच चलबिचल झाली. २००४ च्या शेवटी एक अध्यादेश आला, त्यात उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरसोबतची जोडणी असेल तर प्रोग्रामला वाट मोकळी करून दिली होती. २००५ मध्ये संसदेत कायदा झाला तेव्हा तो बदल काढून टाकला आणि पुन्हा जुनं वाक्य ठेवलं. मग पेटंट ऑफिसने अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनर लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या ऑगस्ट २०१५ मध्ये, त्या फार सैल आहेत म्हणून मुक्त सॉफ्टवेअरवाले आणि इतरांनी विरोध केला आणि डिसेंबरमध्येच त्या स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या आल्या त्या एकदम दुसऱ्या टोकाला, त्यात म्हटलं की प्रोग्रामसोबत हार्डवेअरही नवीन पाहिजे. या नियमात तासगावच्या पोराचा बॉक्स पहिल्या मिनिटाला बाद झाला असता, कारण त्याचं हार्डवेअर बाजारातलं. जून २०१७ मध्ये ती अट काढली. आणि जुलै २०२५ मध्ये अजून नव्या, जास्त सविस्तर सूचना आल्यात, त्यात एआय, ब्लॉकचेन वगैरेंचाही वेगळा विचार आहे. हे सगळं मी यासाठी सांगतोय की तुम्हाला कुणी २०१६ च्या अनुभवावरून सल्ला देत असेल तर तो त्या वेळी खरा असेल, आज नाही. गंमत नाही करत, दिल्ली हायकोर्टाला २०२३ मध्ये रेथिऑन कंपनीच्या अपिलात हेच सांगावं लागलं की नवीन हार्डवेअरची अट गेलेली आहे, तरी ऑफिसने तीच लावून अर्ज नाकारलाय.

बरं, मग 'नुसता प्रोग्राम' आणि 'प्रोग्राम अधिक काहीतरी' यातला फरक ओळखायचा कसा? यासाठी मला सगळ्यात आवडणारी केस अमेरिकेतली आहे, १९८१ ची, डायमंड विरुद्ध डीअर. विषय रबराचा. कच्चं रबर साच्यात घालून तापवतात, त्याला क्युअरिंग म्हणतात, कमी वेळ ठेवलं तर कच्चं राहतं, जास्त ठेवलं तर खराब होतं. किती वेळ ठेवायचं याचं गणित अर्‍हेनियसचं समीकरण म्हणून कित्येक वर्षांपासून माहीत होतं, त्यात नवीन काही नाही. अडचण ही होती की प्रेस उघडझाप होते तेव्हा साच्याचं तापमान बदलतं आणि आतलं नेमकं तापमान कुणाला माहीत नसायचं, त्यामुळे कारागीर अंदाजाने वेळ धरायचे. डीअर आणि त्याच्या साथीदाराने काय केलं, साच्यात तापमान मोजायची थर्मोकपल बसवली, ते माप सतत कॉम्प्युटरला द्यायचं, कॉम्प्युटर समीकरण पुन्हा पुन्हा सोडवणार, आणि वेळ झाली की प्रेस आपोआप उघडणार.

सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी हे पेटंटयोग्य ठरलं. समीकरण कुणाच्या मालकीचं झालं नाही, ते वापरून रबर नीट शिजवायची जी प्रक्रिया होती तिला संरक्षण मिळालं. आता याच कोर्टाने १९७२ मध्ये बेन्सनच्या केसमध्ये काय केलं होतं बघा. तिथे एका प्रकारच्या संख्येचं बायनरीत रूपांतर करायची पद्धत होती, नुसतं आकड्याचं आकड्यात, त्याला नकार. आणि १९७८ मध्ये फ्लूकच्या केसमध्ये कारखान्यातल्या प्रक्रियेची धोक्याची पातळी मोजायचं सूत्र होतं, शेवटी हातात यायचा तो एक सुधारलेला आकडा, त्यालाही नकार. रबराच्या केसमध्ये शेवटी हातात आकडा येत नाही, नीट झालेलं रबर येतं. माझ्या डोक्यात हा विषय पहिल्यांदा बसला तो या तीन केस शेजारी शेजारी ठेवल्यावर.

म्हणून 'यात सॉफ्टवेअर आहे का' हा प्रश्नच विचारू नका, आजकाल मिक्सरमध्येही सॉफ्टवेअर असतं. विचारायचं ते हे, की प्रोग्राम चालल्यामुळे प्रत्यक्षात तांत्रिक काय बदललं? मशीन नीट चाललं, जळायचं वाचलं, सिग्नल स्वच्छ झाला, कॉम्प्युटरची मेमरी कमी लागली, नेटवर्क जास्त सुरक्षित झालं? आपल्याकडे याला टेक्निकल इफेक्ट म्हणतात. कॉम्प्युटरच्या पोटातलाच बदल असला तरी चालतो बरं का, बाहेर मोटर किंवा साचा असलाच पाहिजे असं नाही. पण प्रोग्राम चालवला की वीज वापरली जाते, स्क्रीनवर काहीतरी दिसतं, हे काही टेक्निकल इफेक्टमध्ये धरत नाहीत, ते तर कुठल्याही प्रोग्रामने होतंच.

आता मोटरवर येऊ. एकच काम तीन प्रकारे मांडून बघतो. समजा त्याने अर्जात लिहिलं, 'करंट आणि व्होल्टेजचे आकडे घेऊन अमुक सूत्राने एक निर्देशांक काढायची पद्धत'. हे गणित झालं, फ्लूकसारखं, गेलं. समजा त्याने लिहिलं, 'मोटर बंद पडली की शेतकऱ्याला मेसेज जाणार, त्यातून जवळच्या मेकॅनिकचं बुकिंग होणार, कमिशन अ‍ॅपला मिळणार'. हा धंदा झाला, आणि भारतात धंद्याच्या पद्धतीला दार जवळपास बंदच आहे. आणि समजा त्याने लिहिलं, 'सीटीमधून करंट इतक्या इतक्या वेळाने मोजायचा, व्होल्टेजसोबत त्याची जोडी लावायची, या या खुणा दिसल्या तर पाणी गेलं आणि त्या दिसल्या तर लाईन खराब असं ठरवायचं, त्यानुसार रिले पाडायचा किंवा थांबायचं, आणि त्याने चुकीचं ट्रिप होणं कमी होऊन मोटर जळायची वाचते', तर आता बोलण्यासारखं काहीतरी आहे. काम तेच, बॉक्स तोच, पण पहिल्या दोन अर्जांत त्याने काय शोधलं ते दिसतच नव्हतं.

इथे एक सावधगिरी. तो अर्जाचं नाव ठेवणार होता 'शेतीला पाणी देण्याची पद्धत'. मी हात जोडून थांबवलं. त्याच कलम ३ मध्ये 'एच' म्हणून उपकलम आहे, शेतीची किंवा फळबागेची पद्धत हा शोध मानला जाणार नाही. त्याचा शोध मोटर कंट्रोलचा आहे, मोटर कारखान्यात असो नाहीतर सोसायटीच्या बोअरवर, मग उगाच शेतीचं लेबल लावून दुसऱ्या कलमात कशाला अडकायचं.

आपल्या कोर्टांनी काय केलं तेही बघू, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत खरा बदल तिथे झालाय. फेरीद अलानी नावाच्या अर्जदाराचा अर्ज २००२ मध्ये भारतात आला, वेबवरची माहिती आणि सेवा पटकन मिळवायची पद्धत आणि उपकरण असा विषय. पेटंट ऑफिसने नाकारला, त्यावरच्या अपील मंडळाने नाकारला, शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टात न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी सांगितलं की आजच्या डिजिटल काळात बहुतेक शोध प्रोग्रामवरच उभे असतात, गाड्या, वॉशिंग मशीन, फ्रिज सगळ्यांत प्रोग्राम आहे, त्यामुळे ते सगळे नाकारणं म्हणजे मागे जाणं होईल, टेक्निकल इफेक्ट किंवा टेक्निकल योगदान दिसलं तर अर्ज बघा. २०२० मध्ये पेटंट मंजूर झालं. पण २० वर्षं मोजतात अर्जाच्या तारखेपासून, मंजुरीपासून नाही. म्हणजे बहुतेक मुदत भांडण्यातच संपली. हे वाचून मला आजही वाईट वाटतं, बरोबर होतं म्हणून ठरलं पण हातात काय आलं.

मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टचं अपील त्याच कोर्टात होतं. वेबसाइटच्या मुख्य भागात लॉगिन झालेल्या माणसाला आतल्या उपभागांत शिरताना वेगळी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण, तपासून ओळख पटवायची अशी पद्धत होती, सगळं सॉफ्टवेअर, नवीन यंत्र एकही नाही. कोर्टाने नकार रद्द करून अर्ज परत पाठवला, कारण नेटवर्कची सुरक्षा वाढते हा टेक्निकल इफेक्ट आहे. त्याच महिन्यात ओपन टीव्हीची केस आली, नेटवर्कवरून कुणाला गाणं-सिनेमा अशी मीडिया भेट द्यायची व्यवस्था. तिथे नकार कायम राहिला, कारण कोर्टाला तो मुळात भेट देण्या-घेण्याचा व्यवहारच दिसला. आणि तिथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगितली, 'पर से' हे शब्द कलमात फक्त प्रोग्रामला जोडलेत, धंद्याच्या पद्धतीला नाही, त्यामुळे धंद्याच्या पद्धतीत 'नुसती' आणि 'सोबत काहीतरी' असा फरक करायला जागाच नाही. याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की ही वगळणूक आजच्या काळात पुन्हा तपासायला हवी, आणि संसदेच्या वाणिज्य समितीनेही २०२१ मध्ये तसं सुचवलं होतं. पण आज कायदा आहे तो असा आहे.

२०२४ मध्ये ब्लॅकबेरीची दोन अपिलं एकाच कोर्टात होती, एकात मीडिया फाइल आपोआप निवडायची पद्धत होती ती अल्गोरिदम म्हणून गेली, दुसऱ्यात वायरलेस यंत्रणेच्या व्यवस्थापनाची होती तिला संधी मिळाली. एकच कंपनी, एकच कोर्ट. त्यामुळे 'कंपनी मोठी असली की मिळतं' हेही खरं नाही.

युरोपात शब्द वेगळे आहेत पण वाट तीच. त्यांच्या पेटंट कराराच्या कलम ५२ मध्ये प्रोग्राम, गणित, धंद्याच्या पद्धती 'अ‍ॅज सच' वगळल्यात, आपल्या 'पर से'चा भाऊच. तिथे कॉम्प्युटरचा उल्लेख असला की पहिलं दार सहज उघडतं, पण पुढे शोधात नवीन काय ते तपासताना फक्त तांत्रिक भाग मोजतात, धंद्याचा किंवा गणिताचा भाग कितीही हुशार असला तरी बाजूला काढतात. त्यामुळे दार उघडं दिसलं म्हणून आनंदायचं कारण नाही. अमेरिकेत तर हेलकावे फार. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे धंद्याच्या पद्धतींनाही पेटंट मिळायची, अ‍ॅमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करायचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं होतं, आणि मग जून २०१४ मध्ये अ‍ॅलिसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की जुनी अमूर्त कल्पना घेऊन 'हे कॉम्प्युटरवर करा' म्हटल्याने ती शोध होत नाही. तिथे दोन पार्ट्यांच्या व्यवहारात मधल्या विश्वासू माणसाचं काम कॉम्प्युटरने करायचं होतं, आणि मधला माणूस ठेवणं ही व्यापारातली जुनीच गोष्ट आहे.

आता माझं मत. धंद्याच्या पद्धतींना पेटंट नाही हे भारताने बरोबर ठेवलंय असं मला मनापासून वाटतं. नाक्यावरच्या वाण्याने फोनवर ऑर्डर घेऊन घरपोच द्यायचं हे कुणी अ‍ॅपमध्ये घातलं म्हणून ते त्याचं होऊ नये. आणि अति ढिलाईने काय होतं याचं उदाहरण जुन्या लोकांना आठवेल, जिफ फाइलचं. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने हा फॉरमॅट काढला, त्यात चित्र लहान करायला एलझेडडब्ल्यू नावाची पद्धत वापरली, सगळं जग जिफ वापरायला लागलं. त्या पद्धतीवर युनिसिसचं अमेरिकन पेटंट होतं, १९८५ मध्ये मंजूर झालेलं, आणि १९९४ च्या शेवटी एकदम कळलं की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लायसन्स घ्यावं लागेल. लोक इतके वैतागले की त्यांनी एकत्र येऊन पेटंटमुक्त असा पीएनजी फॉरमॅट बनवला, जो आपण आज रोज वापरतो. युरोपात २००५ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटबद्दलचा निर्देश त्यांच्या संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला त्यामागे अशीच भीती होती. ही भीती मला पटते. पण म्हणून तासगावच्या मुलाने तीन उन्हाळे बोअरवर बसून जे शोधलं त्याला 'जाऊ दे, प्रोग्रामच आहे' म्हणणं हेही मला पटत नाही. वीस वर्षांपूर्वी त्याने तेच काम रिले आणि टायमर जोडून केलं असतं तर कुणी 'हे तर नुसतं गणित' म्हटलं नसतं. फक्त तारांऐवजी कोडमध्ये केलं म्हणून शोध शोध राहत नाही का?

माझी ठेच सांगतो म्हटलं होतं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका कामाचा, सेन्सरच्या रीडिंगमधला गोंगाट काढायच्या पद्धतीचा, अर्ज मी एकाकडून लिहून घेतला. त्याने त्याच्याकडचा तयार साचा काढला, 'प्रोसेसर, मेमरी, आणि मेमरीत साठवलेल्या सूचना' असं सुरुवातीला लिहिलं आणि खाली माझं सूत्र चिकटवलं. मला वाटलं प्रोसेसर लिहिलाय म्हणजे हार्डवेअर आलं, झालं काम. एफईआर आला, म्हणजे ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, त्यात थ्री के. आम्ही उत्तरात लिहिलं की साहेब याने रीडिंग लवकर स्थिर होतं, मशीन कमी वेळ थांबतं. हिअरिंगमध्ये विचारलं, हे मूळ अर्जात कुठे आहे? कुठेच नव्हतं. आणि अर्ज दिल्यावर त्यात नवीन माहिती घालता येत नाही, असलेलंच आवरून-सावरून घेता येतं. एक्झामिनर बरोबर होता. माझ्या कामात इफेक्ट होता पण कागदावर नव्हता, आणि ऑफिसला कागदच दिसतो.

म्हणून पोराला मी पहिल्या दिवशी सांगितलं ते हे, की कोड मला दाखवू नकोस. आधी जुने बॉक्स कुठे चुकायचे ते लिही, तुझा का चुकत नाही ते लिही, कुठलं माप कुठून येतं, कुठे जातं, त्यावर काय हलतं ते बाणांनी काढ, आणि दोन्ही बॉक्स एकाच बोअरवर लावून काय फरक पडला ते मोजून लिही. थ्री के ओलांडलं म्हणजे पेटंट मिळालं असंही नाही हेही सांगितलं, तो फक्त उंबरठा. पुढे ते नवीन आहे का, आणि त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचलं असतं का, हे दोन प्रश्न उभेच असतात, आणि ड्राय रनवर आधीच इतकं काम झालंय की खरी लढाई तिथेच होईल. पेटंट ऑफिसच्या इनपास नावाच्या साइटवर फुकट शोधता येतं, तिथे त्याने आठवडाभर बसून जुने अर्ज वाचले. दोन त्याच्या अगदी जवळचे निघाले. नाराज झाला होता, पण त्यामुळेच त्याला कळलं की आपलं वेगळेपण व्होल्टेजच्या जोडीत आहे, नुसत्या करंटच्या आकारात नाही.

खर्चाची भीती लोकांना फार असते. एकट्या माणसाला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे, तपासणीची मागणी करायची ४०००, मोठ्या कंपनीला हेच ८००० आणि २०,००० पडतं. एजंटची फी वेगळी, ती जास्त असते हे खरं. पूर्ण तयारी नसेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज देऊन तारीख पकडता येते, मग १२ महिन्यांत पूर्ण द्यायचा. तपासणीची मागणी ३१ महिन्यांच्या आत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात, हे बरेच जण विसरतात. महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईच्या ऑफिसकडे जातात, अँटॉप हिलला आहे ते, पण फायलिंग ऑनलाइनच होतं. आणि इथे राहणाऱ्या माणसाने परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर कलम ३९ प्रमाणे परवानगी लागते, नाहीतर भारतात अर्ज देऊन सहा आठवडे थांबायचं. पुण्यातून थेट अमेरिकेत फाइल करून टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, पेटंट तर जाऊ शकतंच, शिवाय शिक्षेचीही तरतूद आहे.

आणि सगळ्यात कळकळीचं. अर्जाआधी दाखवू नका. यूट्यूबला व्हिडिओ नको, कृषी प्रदर्शनात स्टॉल नको, हॅकेथॉनमध्ये स्लाइड नको, गिटहबवर कोड तर नकोच. स्वतःच उघड केलेली गोष्टसुद्धा 'आधीपासून माहीत असलेली' धरली जाते. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे पण ती ठराविक प्रकारच्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेतल्या पेपरला, तुमच्या इन्स्टा रीलला नाही. आरएसए नावाची गुप्तलेखनाची पद्धत आहे, इंटरनेटवरची सुरक्षा कित्येक वर्षं तिच्यावर चालली, तिला अमेरिकेत १९८३ मध्ये पेटंट मिळालं पण बाकी जगात बहुतेक ठिकाणी मिळू शकलं नाही, कारण अर्जाआधीच १९७७ मध्ये ती छापून आली होती. एवढ्या मोठ्या लोकांचं असं झालं.

पोराने एका गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॉक्सचा फोटो टाकला होता. बाहेरून डबा दिसतो, आतली पद्धत कळत नाही, त्यामुळे बहुतेक वाचला असं मला वाटतं, पण एजंटला ते पहिल्याच भेटीत सांगून टाक म्हटलं. काल त्याने चुलत्याच्या बोअरवरची वही स्कॅन करून पाठवली. डाव्या पानावर जुना बॉक्स, उजव्या पानावर नवा, तारीख, वेळ, व्होल्टेज, मोटर पडली का, पाणी होतं का. चुलत्याच्या अक्षरात मध्ये मध्ये 'लाईट गेली' असं लिहिलंय. तेही काढू नकोस म्हटलं, तसंच टाईप कर.